अँड्र्यू वॉटसन: पासिंगच्या खेळाचा विस्मरणात गेलेला कर्णधार

१२ मार्च १८८१. लंडनमधलं केनिंग्टन ओव्हल. आज हे मैदान आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे, पण त्या काळी तिथे फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय सामनेही होत. त्या दिवशी स्कॉटलंडनं इंग्लंडला ६-१ असं हरवलं. मायदेशात इंग्लंडचा इतक्या फरकानं पराभव त्यानंतर कुणालाही करता आलेला नाही. १९५३ साली वेम्बलीवर ६-३ नं जिंकलेल्या हंगेरीला नाही आणि २०२२ मध्ये ४-० नं जिंकलेल्या हंगेरीलाही नाही. या सामन्यात स्कॉटलंडचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन. वय २४ वर्षं, जन्म दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानामधला, वडील गोरे स्कॉटिश आणि आई तिथली कृष्णवर्णीय स्त्री.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ही ओळख खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे. इंग्लंडच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विव्ह अँडरसन, आला तो १९७८ मध्ये. इंग्लंडचं नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, पॉल इन्स, १९९३ मध्ये. म्हणजे वॉटसननंतर ११२ वर्षांनी. पण या ‘पहिला’ शब्दावरच आपण थांबलो तर वॉटसन एखाद्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर होऊन बसतो. तो कुठल्या खेळाच्या मधोमध उभा होता, त्याच्याकडे पैसा कुठून आला होता आणि एवढा मोठा माणूस जवळजवळ शंभर वर्षं विसरला कसा गेला, हे कळलं तरच तो कळतो. त्यासाठी आधी त्या काळचं फुटबॉल समजून घ्यावं लागेल.

आपण आज टीव्हीवर जो खेळ पाहतो, त्यातलं बरंच काही तेव्हा नव्हतं. पेनल्टी किक नव्हती, गोलला जाळी नव्हती. या दोन्ही गोष्टी १८९१ मध्ये आल्या. पण खरा फरक खेळण्याच्या पद्धतीत होता. १८६३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं जे पहिले नियम छापले, त्यात चेंडूच्या पुढे असलेला स्वतःच्या संघाचा जवळपास प्रत्येक खेळाडू ऑफसाइड, म्हणजे चेंडू खेळायला मनाई असलेला, ठरत असे. मग पुढे पास देणार कुणाला? ज्याच्या पायात चेंडू, त्यानं तो घेऊन सरळ समोरच्या गर्दीत घुसायचं आणि जमेल तितक्यांना चकवायचं. बाकीचे साथीदार त्याच्या मागे धावत राहायचे, म्हणजे चेंडू सुटला तर दुसरा कुणीतरी तो उचलून पुन्हा तशीच धाव घेईल. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू पलीकडच्या अंगणात एकटा असतो आणि बाकी संघ रेषेअलीकडे त्याची वाट पाहतो, तसाच काहीसा हा प्रकार. याला ड्रिब्लिंगचा खेळ म्हणत. इंग्लंडच्या श्रीमंत निवासी शाळांत तो रुजला होता आणि तिथल्या मुलांना तो मर्दानी वाटायचा. चेंडू दुसऱ्याला देऊन टाकणं म्हणजे जबाबदारी टाळणं, अशीच जणू त्यांची समजूत होती.

१८६६ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. पास मिळणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असले की तो ऑफसाइड नाही, असं ठरलं. आता पुढे पास देणं कायद्यानं शक्य झालं. पण कागदावरचा नियम बदलला म्हणून सवय लगेच बदलत नाही. इंग्लंडचे बहुतेक क्लब पूर्वीसारखेच खेळत राहिले. नव्या नियमातली मोकळी जागा ज्यांनी सर्वांत आधी ओळखली, त्यांत ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा क्लब होता. एकट्या क्वीन्स पार्कला सगळं श्रेय देणं मात्र अन्यायाचं होईल. इंग्लंडमध्ये शेफील्डचे खेळाडू आणि लष्करातल्या रॉयल इंजिनिअर्सचा संघ यांनीही एकमेकांना चेंडू देत खेळण्याचे प्रयोग केले होते. पण त्याला एक पद्धत म्हणून घडवलं आणि एका अख्ख्या देशाची शैली बनवलं ते स्कॉटिश लोकांनी.

क्वीन्स पार्कची स्थापना १८६७ ची. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोमध्ये जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू याच क्लबचे होते. समोर इंग्लंडचे अंगापिंडानं सरस खेळाडू. सामना ०-० असा सुटला. आकडा कंटाळवाणा दिसतो, पण त्यामागे एक नवा विचार होता. इंग्लंडनं सात-आठ जण पुढे लावून धडका मारल्या. स्कॉटलंडनं सहा आघाडीवीर जोड्याजोड्यांनी उभे केले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, दोन मध्ये. जोडीतला एक अडला की चेंडू दुसऱ्याकडे. धडकेला उत्तर धडकेनं द्यायचंच नाही, चेंडू माणसापेक्षा वेगानं पळतो हे लक्षात ठेवायचं. याला ‘कॉम्बिनेशन’चा खेळ असं नाव पडलं.

या विचारानं काय फरक पडला ते निकालांतून दिसतं. १८७२ ते १८८७ या काळात दोन्ही देशांत १६ सामने झाले. त्यातले १० स्कॉटलंडनं जिंकले, ४ बरोबरीत सुटले आणि इंग्लंडच्या वाट्याला फक्त २ विजय आले. लोकसंख्येनं कितीतरी लहान देशानं मोठ्या शेजाऱ्याला पंधरा वर्षं असं दाबून ठेवलं होतं. वॉटसन आला तो या काळाच्या अगदी ऐन बहरात.

आता तो ग्लासगोला पोचला कसा, ते पाहू. वॉटसनचा जन्म २४ मे १८५६ रोजी डेमेरारामध्ये झाला. डेमेरारा म्हणजे आजच्या गयाना देशाचा एक भाग. साखरेच्या एका जातीला आजही त्याच नावानं ओळखतात, कारण ऊस हेच त्या भूमीचं सर्वस्व होतं. तो ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकत असे. १८३३ च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपवण्याचं ठरलं, तेव्हा सरकारनं २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा उरलेला शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारनं फेडला तो २०१५ मध्ये. या इतिहासाला एक भारतीय टोकही आहे. गुलाम मुक्त होणार म्हटल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या दोन जहाजांतून कलकत्त्याहून करारबद्ध भारतीय मजूर तिथे नेण्यात आले. आज गयानामध्ये भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत, त्याची सुरुवात ही.

वॉटसनचे वडील पीटर मिलर वॉटसन हे याच मळ्यांच्या जगातले धनाढ्य स्कॉटिश गृहस्थ. आई हॅना रोझ. अशा नात्यांतून जन्मलेली बहुतेक मुलं वसाहतीतच मागे राहत, बापाचं नावही त्यांना मिळत नसे. अँड्र्यू आणि त्याची बहीण अ‍ॅनेटा यांच्या बाबतीत वेगळं घडलं. वडील दोघांना ब्रिटनला घेऊन आले, स्वतःचं आडनाव दिलं. अँड्र्यू आधी हॅलिफॅक्समधल्या हीथ ग्रामर स्कूलमध्ये आणि मग लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये शिकला. १८६९ मध्ये वडील वारले आणि मुलांच्या नावे चांगली रक्कम आली. १९ व्या वर्षी त्यानं ग्लासगो विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी हे विषय घेऊन प्रवेश घेतला. वर्षभरातच ते शिक्षण सोडून तो व्यवसायात उतरला.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. वॉटसनला शिक्षण, प्रतिष्ठा आणि खेळायला लागणारी सवड ज्या पैशानं दिली, त्या पैशाचं मूळ त्याच्या आईच्या लोकांच्या गुलामगिरीत होतं. यात त्याचा काही दोष नाही. पण त्याला ‘साम्राज्यानं दिलेली संधी’ म्हणून मिरवणं मला पटत नाही. त्याच्यासारख्या किती मुलांना ती संधी मिळाली नाही, याचा हिशेब त्या वाक्यात हरवतो. स्वतः ग्लासगो शहरही याच व्यापारावर वाढलं. तिथल्या मुख्य रस्त्यांपैकी एक आजही जमैका स्ट्रीट आहे. ग्लासगो विद्यापीठानं २०१८ मध्ये स्वतःचा इतिहास तपासून गुलामगिरीच्या पैशाचा आपल्याला फायदा झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर २ कोटी पौंडांचा भरपाईचा कार्यक्रम सुरू केला.

ग्लासगोत वॉटसन आधी मॅक्सवेल नावाच्या क्लबकडून खेळला, मग पार्कग्रोव्हकडून. पार्कग्रोव्हमध्ये तो नुसता खेळाडू नव्हता. सामने ठरवणं, पत्रव्यवहार करणं, मैदानाची व्यवस्था पाहणं ही सचिवाची कामंही त्याच्याकडे होती. १८८० मध्ये क्वीन्स पार्कनं त्याला घेतलं. १८८१ च्या अखेरीस तो स्कॉटलंडमधल्या या सर्वांत बलाढ्य क्लबचाही सचिव झाला. फुटबॉलच्या कारभारात अधिकाराच्या जागी बसलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. त्याच्या खेळाइतकीच ही गोष्ट मला मोठी वाटते, कारण आजही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानावर भरपूर दिसतात, पण क्लबांच्या कार्यालयांत फार थोडे.

तो बॅक, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, म्हणून खेळायचा. त्या काळच्या रचनेत गोलरक्षकाच्या पुढे दोनच बॅक असत आणि समोरून सहा-सहा जण अंगावर येत. तीन खेळाडूंचा ऑफसाइड नियम आठवा: गोलरक्षक आणि दोन बॅक मिळून तीन होतात. म्हणजे बॅकनं कुठे उभं राहायचं, कधी पुढे सरकायचं, यावर समोरच्या संघाचा हल्ला कुठे सुरू होऊ शकतो हे ठरायचं. त्यासाठी वेग हवा, अचूक टॅकल हवा आणि मिळवलेला चेंडू आपल्या आघाडीवीरांच्या जोडीपर्यंत पोचवणारी खात्रीची किक हवी. वॉटसनकडे तिन्ही होतं, आणि त्या काळच्या स्कॉटिश फुटबॉलच्या वार्षिकात त्याची गणना देशातल्या उत्तम बॅकमध्ये केलेली आहे. क्वीन्स पार्कबरोबर त्यानं १८८१, १८८२ आणि, मध्ये लंडनला जाऊन आल्यावर, १८८६ असा तीनदा स्कॉटिश कप जिंकला.

वर्तमानपत्रांनी त्याच्या रंगाबद्दल काय लिहिलं? फारच कमी. सामन्यांच्या वृत्तांतांत त्याच्या कातडीच्या रंगापेक्षा त्याच्या तपकिरी बुटांचा उल्लेख झालेला आढळतो, कारण बाकीचे काळे बूट घालत. यावरून व्हिक्टोरियन स्कॉटलंडमध्ये वर्णभेद नव्हता असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. वॉटसन इंग्रजी शाळांत घडलेला, पैसेवाला, सुशिक्षित ‘जंटलमन’ होता. त्याच्या वर्गानं त्याला एक कवच दिलं होतं. तोच माणूस ग्लासगोच्या गोदीत मजूर असता तर त्याला मिळालेली वागणूक वेगळी असती, असं मानायला पुष्कळ जागा आहे.

स्कॉटलंडकडून तो फक्त तीन सामने खेळला. ओव्हलच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, १४ मार्चला, रेक्सम इथे वेल्सविरुद्ध ५-१. मग ११ मार्च १८८२ ला ग्लासगोतल्या पहिल्या हॅम्पडन पार्कवर इंग्लंडविरुद्ध पुन्हा ५-१. तीन सामने, तीन विजय; संघानं १६ गोल केले आणि ३ स्वीकारले. असा विक्रम असताना चौथा सामना का नाही? कारण १८८२ मध्ये कामानिमित्त तो लंडनला गेला, आणि स्कॉटलंडची निवड समिती तेव्हा फक्त स्कॉटलंडमध्ये खेळणाऱ्यांनाच घेत असे. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या स्कॉटिश खेळाडूंसाठी हे दार १८९६ मध्ये उघडलं. वॉटसनला रंगामुळे वगळलं नव्हतं, या नियमामुळे तो बाहेर राहिला.

लंडनमध्ये तो स्विफ्ट्स क्लबकडून एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची क्लबांसाठीची स्पर्धा, खेळला; त्या स्पर्धेतलाही तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पण खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. स्कॉटलंडकडून वारंवार मार खाल्ल्यामुळे इंग्लंडमध्ये चलबिचल झाली होती. आपले खेळाडू एकत्र खेळतच नाहीत, म्हणून त्यांना एकमेकांची सवय नाही, हे ओळखून १८८२ मध्ये लंडनमध्ये कोरिंथियन नावाचा हौशी क्लब स्थापन झाला. उद्देश उघड होता: स्कॉटलंडला हरवू शकेल असा संघ घडवणं. आणि त्या कोरिंथियननं कुणाला बोलावलं, तर ज्याच्या नेतृत्वाखाली आपण ६-१ नं हरलो त्यालाच! १८८४ मध्ये कोरिंथियननं त्या वेळच्या एफए कप विजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला ८-१ असं धुऊन काढलं, तेव्हा त्या संघात वॉटसन होता.

मग हा माणूस विसरला का गेला? एक कारण पैशाचं आहे, पण तेही थोडं उलगडावं लागेल. क्वीन्स पार्क हा कट्टर हौशी क्लब. खेळण्यासाठीच खेळायचं, असं त्याचं ब्रीद, आणि ते त्यानं २०१९ पर्यंत पाळलं. पण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांत खेळाडूंना पैसे देणं सुरू झालं होतं. १८८५ मध्ये इंग्लंडनं व्यावसायिक फुटबॉलला मान्यता दिली, स्कॉटलंडनं १८९३ मध्ये. १८८८ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीग सुरू झाली; तिचा जनक विल्यम मॅकग्रेगर हाही स्कॉटिशच. लोकांच्या स्मरणात राहिले ते या लीगचे तारे, दर शनिवारी छापून येणारे, पगार घेणारे. त्याआधीची हौशी पिढी जुन्या कागदांत गेली. वॉटसननं पुढे लिव्हरपूलजवळच्या बूटल क्लबकडूनही काही काळ खेळ केला, पण तोवर तो तिशी ओलांडून गेला होता.

दुसरं कारण त्याच्या नोकरीचं. त्यानं जहाजांवरच्या इंजिनिअरची परीक्षा दिली आणि नंतरची अनेक वर्षं वाफेच्या बोटींवर काढली. समुद्रावर असलेला माणूस वार्षिक समारंभांना येत नाही, जुन्या खेळाडूंच्या आठवणी छापल्या जातात तेव्हा मुलाखत द्यायला घरी नसतो. निवृत्तीनंतर तो लंडनच्या क्यू भागात राहिला आणि ८ मार्च १९२१ रोजी न्यूमोनियानं वारला. ज्या गावात त्याचं नाव झालं होतं, त्या गावापासून दूर. नंतरच्या कित्येक वर्षांत ‘ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू’ म्हणून आर्थर व्हार्टनचं नाव घेतलं जाऊ लागलं. व्हार्टन थोर खेळाडू होता आणि लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक म्हणून त्याचं स्थान पक्कं आहे. पण वॉटसन त्याच्याआधी स्कॉटलंडचा कर्णधार होऊन गेला होता.

त्याच्या पिढीनं घडवलेली शैली मात्र विसरली गेली नाही, ती जगभर पसरली. इंग्लंडच्या क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना गठ्ठ्यानं नेलं. खेळ शिकवणारे म्हणून लोक त्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणत. १८८९ मध्ये एकही सामना न हरता पहिली लीग जिंकणाऱ्या प्रेस्टन या इंग्लिश क्लबमध्ये त्यांचाच भरणा होता. ग्लासगोत जन्मलेले शिक्षक अलेक्झांडर वॉटसन हटन यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये शाळा काढून अर्जेंटिनाच्या फुटबॉलचा पाया घातला. जॉन हार्ली हा स्कॉटिश रेल्वे-इंजिनिअर १९०९ मध्ये उरुग्वेत गेला आणि तिथे आखूड पासचा खेळ रुजवला. तोच देश १९३० मध्ये पहिला विश्वचषक जिंकला. भारतातही फुटबॉल पसरलं त्यात स्कॉटिश पलटणींचा हात मोठा. १८८८ मध्ये शिमल्याकडे सुरू झालेल्या ड्युरंड कपच्या पहिल्याच अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सनं हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं; दोन्ही पलटणी स्कॉटिश. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये.

वॉटसनला परत शोधून काढलं ते संशोधकांनी, जुने संघांचे फोटो, जनगणनेच्या नोंदी आणि वर्तमानपत्रं चाळून. ग्लासगोच्या स्कॉटिश फुटबॉल म्युझियमच्या जेड ओब्रायन यांनी त्याचं नाव पुन्हा लोकांसमोर आणलं. क्रीडा-इतिहासकार अँडी मिचेल यांनी त्याच्या अखेरच्या वर्षांचा माग काढला. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात वारला असंही छापलं जायचं. २०१२ मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. लंडनमधल्या रिचमंड दफनभूमीतली त्याची पडझड झालेली कबर लोकांच्या वर्गणीतून नीट करण्यात आली. पहिलं हॅम्पडन पार्क जिथे होतं, त्या जागी आज लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाचा, क्लब आहे. तिथल्या सभासदांनी जुन्या रेल्वेच्या नकाशावरून मैदानाची नेमकी जागा पक्की केली आणि क्लबच्या भिंतीवर १८८२ च्या त्या ५-१ विजयाचं चित्र रंगवून घेतलं.

वॉटसननंतर स्कॉटलंडकडून खेळलेला पुढचा गोरा नसलेला खेळाडू यायला १९७५ उजाडावं लागलं. सेल्टिकचा पॉल विल्सन स्पेनविरुद्ध एक सामना खेळला. तो जन्मला होता बंगळूरमध्ये. पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू नायजेल क्वाशी, २००४ मध्ये, म्हणजे वॉटसनच्या शेवटच्या सामन्यानंतर १२२ वर्षांनी.